किडनी प्रत्यारोपणानंतर रक्त आणि लघवीचे रिपोर्ट कसे बदलतात? सिंधुदुर्गातील रुग्ण व कुटुंबीयांसाठी

२०२३ च्या पावसाळ्यात राज्य सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मोठा बदल केला. कुटुंबामागे वर्षाला १.५ लाख रुपयांचे संरक्षण ५ लाखांवर नेले आणि किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २.५ लाखांवरून ४.५ लाख केली. पूर्वी ठरावीक शिधापत्रिकाधारकांपुरती असलेली योजना राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णयही तेव्हाच झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवताना त्या राज्याचे रहिवासी असण्याची अट काढून टाकण्यास सांगितले. ६५ वर्षांवरील रुग्णांना नोंदणी करता येत नसे, तीही अट गेली. नोंदणीसाठी शुल्क घेऊ नये, असेही सांगितले गेले.

मालवण, देवगड, वेंगुर्ला, सावंतवाडीकडे आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी या बातम्या मोठ्या आहेत. त्या वाचून अनेक कुटुंबे पहिल्यांदाच प्रत्यारोपणाचा गंभीरपणे विचार करू लागली आहेत. पण दवाखान्यात येणारा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "डॉक्टर, ऑपरेशन झालं की रिपोर्ट नॉर्मल येतील ना? मग सुटलो ना आम्ही?"

याचे उत्तर आहे, बरेचसे नॉर्मल येतील, पण सगळे नाही. आणि सुटका होते ती डायलिसिसच्या मशीनपासून, तपासण्यांपासून नाही. नवी किडनी किती वर्षे टिकेल हे बऱ्याच अंशी पुढच्या रक्त-लघवीच्या रिपोर्टवर कोण, किती लक्ष ठेवतो यावर ठरते. म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याआधीच हे आकडे काय सांगतात ते समजून घ्या.

रक्तात साचते ते नेमके काय?

आपण मासे, डाळ, अंडी, दूध खातो. त्यातील प्रथिने शरीर वापरते आणि उरलेल्या नायट्रोजनपासून यकृत युरिया तयार करते. स्नायूंच्या रोजच्या झिजेतून क्रिएटिनिन तयार होते. पेशींच्या मोडतोडीतून युरिक अ‍ॅसिड येते. याशिवाय जास्तीचे पोटॅशियम, फॉस्फरस, आम्ल आणि मीठ असते. निरोगी माणसाच्या दोन किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातले जवळजवळ सगळे उपयोगी पाणी आणि क्षार परत घेतात आणि कचरा घेऊन दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात.

क्रिएटिनिन आणि युरिया हे रिपोर्टवर ठळक दिसतात म्हणून आपण त्यांनाच 'विष' समजतो. खरे तर क्रिएटिनिन स्वतः फारसे त्रासदायक नाही. ते एक माप आहे. ते वाढले म्हणजे त्याच्याबरोबर बाहेर पडायला हवे असलेले इतर शेकडो पदार्थही साचत आहेत, एवढे ते सांगते. सामान्यतः क्रिएटिनिन ०.७ ते १.३ आणि ब्लड युरिया १५ ते ४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास असते.

एक सूचना इथेच. काही प्रयोगशाळा 'ब्लड युरिया' लिहितात, काही 'बीयूएन' लिहितात. दोन्ही एकाच गोष्टीची वेगळी मोजणी आहे. बीयूएनला २.१४ ने गुणले की युरियाचा आकडा मिळतो. ओरोसला युरिया ४५ आला आणि पुढच्या महिन्यात गोव्यात बीयूएन २१ आला, तर किडनी सुधारलेली नाही. आकडा तोच आहे.

"लघवी तर भरपूर होते, मग किडनी खराब कशी?"

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक कुटुंब विचारते. न्हाणीघरातली मोरी डोळ्यासमोर आणा. रोज तेवढेच पाणी सोडले आणि मोरीचे तोंड अर्धे बुजले, तर मोरीत पाणी साचते. साचलेले पाणी वर चढते तसा त्याचा दाब वाढतो आणि मग अर्ध्या तोंडातूनही रोजचे पाणी रोज बाहेर जाऊ लागते. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, पाणी तर जातेय. आत मात्र गुडघाभर पाणी कायमचे उभे असते.

किडनीचे असेच होते. आजार हळूहळू वाढत असताना रोज तयार होणारे क्रिएटिनिन बराच काळ लघवीतून रोज बाहेर पडत राहते, पण त्यासाठी रक्तातील पातळी १ ऐवजी ३ किंवा ५ वर चढलेली असते. म्हणून लघवीचे प्रमाण पाहून किडनी बरी आहे असे ठरवू नका. लघवीत पाणी आहे, पण पुरेसा कचरा बाहेर काढण्याची ताकद उरलेली नाही. शेवटी मोरी पूर्ण बुजते आणि मग डायलिसिस लागते.

डायलिसिस काय करू शकते, काय नाही

आठवड्यात १६८ तास असतात. तीनदा चार-चार तास डायलिसिस केले तर १२ तास रक्त स्वच्छ होते. आपल्याकडे बरेच जण दोनदाच करू शकतात, म्हणजे ८ तास. उरलेला वेळ कचरा साचत राहतो. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी बरे वाटते आणि दोन दिवसांनी पुन्हा मळमळ, धाप, खाज सुरू होते, त्याचे हे कारण.

दुसरी अडचण कमी लोकांना माहीत असते. काही घातक पदार्थ डायलिसिसच्या जाळीतून जातच नाहीत. आतड्यातील जीवाणू प्रथिनांच्या काही घटकांपासून इंडोल आणि क्रेसॉल बनवतात. शरीरात त्यांचे इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट होते. हे पदार्थ रक्तातील अल्ब्युमिन या मोठ्या प्रथिनाला घट्ट चिकटून असतात. मशीनची जाळी अल्ब्युमिन अडवते, म्हणून त्याला चिकटलेले हे पदार्थही बहुतांश मागे राहतात. रक्तवाहिन्या आणि हृदयाला होणाऱ्या नुकसानीशी त्यांचा संबंध जोडला जातो.

जिवंत किडनी हे काम वेगळ्या पद्धतीने करते. ती फक्त गाळत नाही. तिच्या नलिकांमधील पेशी हे पदार्थ रक्तातून ओढून लघवीत सोडतात. म्हणून यशस्वी प्रत्यारोपणानंतर क्रिएटिनिनबरोबर हे चिकट पदार्थही झपाट्याने खाली येतात. डायलिसिस चांगले चालू असतानाही न गेलेली खाज, तोंडाची धातूसारखी चव, अन्नावरची वासना उडणे आणि सुस्ती प्रत्यारोपणानंतर काही आठवड्यांत कमी होते, याचे एक मोठे कारण हेच आहे.

पहिले काही दिवस: लघवीची पिशवी आणि उतरणारे आकडे

नवी किडनी पोटाच्या खालच्या भागात, बहुधा उजव्या बाजूला बसवतात. जुन्या किडन्या शक्यतो तशाच ठेवतात. दाता जिवंत असेल तर बहुतेकदा रक्तपुरवठा जोडल्यावर काही मिनिटांतच लघवी सुरू होते.

पहिल्या दिवशी पिशवीत पाच, आठ, कधी दहा लिटरपर्यंत लघवी जमते तेव्हा नातेवाईक घाबरतात. हे अपेक्षित असते. मोरीचे तोंड एकदम उघडले की आधी साचलेले आणि रोजचे असे दोन्ही पाणी जाते. रक्तात साचलेला युरिया जाताना पाणी ओढून नेतो. शिवाय नव्या किडनीच्या नलिकांना लघवी दाट करण्याची ताकद यायला थोडे दिवस लागतात. म्हणून परिचारिका तासातासाला लघवी मोजतात आणि त्या हिशोबाने सलाईन देतात. मूत्राशयाला शिवण घातलेली असल्याने सुरुवातीला लघवी लालसर दिसू शकते.

क्रिएटिनिन ८ वरून दुसऱ्या दिवशी ४, मग २, आणि आठवड्याच्या आत दीडच्या खाली असा प्रवास होऊ शकतो. त्यानंतर लघवीतून रोज बाहेर जाणारा कचरा पुन्हा रोज तयार होणाऱ्या कचऱ्याएवढाच होतो. फरक इतकाच, की आता तो बाहेर टाकायला रक्तात ढीग साचावा लागत नाही.

किडनी मृत दात्याची असेल तर ती काही तास बर्फात राहिलेली असते. अशी किडनी कधी कधी 'झोपलेली' असते आणि जागी व्हायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे घेते. त्या काळात पुन्हा डायलिसिस लागले म्हणून ऑपरेशन फसले असे समजू नका. डॉक्टरांना सोनोग्राफीचा आणि गरज पडल्यास बायोप्सीचा अर्थ विचारा.

तुमचे 'नॉर्मल' छापील नॉर्मलपेक्षा वेगळे असते

प्रत्यारोपित किडनी एकच असते. टॅक्रोलिमससारखे औषध तिच्याकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या थोड्या आवळते. त्यामुळे अनेकांचे क्रिएटिनिन १.१ ते १.६ च्या दरम्यान स्थिर होते. रिपोर्टवर ठळक अक्षरात 'जास्त' छापून येते आणि घरचे हवालदिल होतात. घाबरू नका, पण तो आकडा पाठ करा. तीन-सहा महिन्यांनी जो स्थिर आकडा येतो तो तुमचा पाया आहे.

यानंतर छापील मर्यादेपेक्षा स्वतःच्या पायाशी तुलना करा. १.२ स्थिर असलेल्या माणसाचे क्रिएटिनिन १.५ झाले तर ती २५ टक्के वाढ आहे. उलट १.५ ला वर्षानुवर्षे स्थिर असलेला माणूस सुखात असतो. शरीराने नवी किडनी नाकारायला सुरुवात केली, तर आधी दुखत नाही, लघवीही कमी होत नाही. बहुतेकदा पहिली खूण हा वाढलेला आकडाच असतो. लवकर सापडलेला नकार औषधांनी बऱ्याचदा आटोक्यात येतो. "बरं वाटतंय, पुढच्या महिन्यात बघू" म्हणत गेलेले चार आठवडे परत मिळत नाहीत.

इतर आकडे कसे वागतात, तेही थोडक्यात पाहू.

• फॉस्फरस: डायलिसिसवर असताना तो वाढलेला असतो, म्हणून दूध, सुकी मासळी बंद असते. प्रत्यारोपणानंतर सुरुवातीला तो उलट कमी होतो, कारण जुन्या आजारात वाढलेली संप्रेरके किडनीला फॉस्फरस बाहेर टाकायला लावत राहतात. तेव्हा डॉक्टर दूध, अंडी, मासे वाढवायला सांगतात. जुना आहाराचा तक्ता पुढे चालवू नका.

• पोटॅशियम: खाली येते, पण टॅक्रोलिमस आणि संसर्ग टाळण्यासाठी दिलेल्या काही गोळ्यांमुळे पुन्हा चढू शकते. सुरुवातीचे काही महिने शहाळ्याचे पाणी रिपोर्ट दाखवून, विचारूनच घ्या.

• मॅग्नेशियम: टॅक्रोलिमसमुळे लघवीवाटे निघून जाते. हात थरथरणे, पायात गोळे येणे यामागे ते असू शकते.

• युरिक अ‍ॅसिड: काही औषधांमुळे वाढलेले राहते. इथे एक गंभीर धोका आहे. तुम्ही अ‍ॅझाथायोप्रिन घेत असाल आणि सांधेदुखीसाठी कोणी अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट दिले, तर रक्तपेशी धोकादायकरीत्या कमी होऊ शकतात.

• साखर: निरोगी किडनी इन्सुलिनचे विघटन करते आणि नवी किडनी ते काम पुन्हा सुरू करते. त्यात स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस. म्हणून पूर्वी नसलेला मधुमेह दिसू शकतो.

• हिमोग्लोबिन: नवी किडनी रक्त वाढवणारे संप्रेरक बनवू लागते. काही महिन्यांत ते वाढते आणि इंजेक्शने बहुधा बंद होतात.

लघवीची तपासणी टाळू नका

रक्ताचा रिपोर्ट आला की लघवीची बाटली विसरली जाते. पण काही गोष्टी रक्तात दिसण्याआधी लघवीत दिसतात. लघवीतून प्रथिन जाणे ही त्यातली मुख्य. जुना आजार नव्या किडनीत परतला, हळूहळू नकार सुरू झाला किंवा रक्तदाब वाढलेला राहिला, तर प्रथिन वाढते. यासाठी चोवीस तासांची लघवी नेहमी लागत नाही. एका नमुन्यातील प्रथिन आणि क्रिएटिनिनचे गुणोत्तर पुरते. पांढऱ्या पेशी आणि कल्चरवरून संसर्ग कळतो. सुरुवातीच्या दोन वर्षांत बीके नावाचा विषाणू किडनीला इजा करू शकतो. त्याची चाचणी रक्तात किंवा लघवीत करतात.

चोवीस तासांची लघवी सांगितलीच, तर सकाळची पहिली लघवी टाकून द्या, वेळ लिहून ठेवा. त्यानंतरची प्रत्येक लघवी दुसऱ्या दिवशी त्याच वेळेच्या पहिल्या लघवीसह गोळा करा. एकदा जरी चुकली तरी आकडा खोटा येतो. चूक झाली तर लपवू नका, पुन्हा सुरुवात करा.

सिंधुदुर्गातील खरी अडचण: ऑपरेशननंतरचे अंतर

प्रत्यारोपणानंतर पहिल्या महिन्यात साधारण आठवड्यातून दोनदा तपासणी असते, तिसऱ्या महिन्यापर्यंत आठवड्याला, मग पंधरवड्याने, वर्षभर महिन्याला आणि पुढे आयुष्यभर दोन-तीन महिन्यांनी. मालवणहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर. म्हणून पहिले तीन महिने रुग्णालयाजवळ राहायला सांगतात. त्या काळातले घरभाडे, सोबत थांबणाऱ्याची बुडालेली मजुरी, हा खर्च शस्त्रक्रियेच्या रकमेत मोजला जात नाही.

दक्षिण सिंधुदुर्गातले लोक वर्षानुवर्षे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजवर अवलंबून राहिले आहेत. २०१८ च्या सुरुवातीला गोवा सरकारने बाहेरच्या राज्यातील रुग्णांना शुल्क लावले तेव्हा दोडामार्गात लोकांनी मोठे आंदोलन केले, ते याचमुळे. जिल्ह्याला आता ओरोसला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले आहे. जिल्ह्यात प्रत्यारोपण होणे ही लांबची गोष्ट झाली. पण नियमित रक्त-लघवीची तपासणी, रक्तदाब, वजन आणि साधे संसर्ग ओळखण्याचे काम जवळच व्हायला हवे आणि ते होऊ शकते. मागणी करायचीच असेल, तर डायलिसिसच्या आणखी मशीनबरोबर टॅक्रोलिमसची पातळी तपासण्यासाठी नमुना जिल्ह्यातून पाठवण्याची सोय आणि प्रत्यारोपण झालेल्यांसाठी ठरावीक दिवसाची ओपीडी, ही मागणी करा. किडनी मिळाल्यावर ती टिकवायची सोय नसेल, तर रुग्ण पुन्हा त्याच डायलिसिसच्या खुर्चीत येतो आणि दात्याचा त्यागही वाया जातो.

तोपर्यंत घरच्या पातळीवर हे करा.

• शस्त्रक्रियेआधीच रुग्णालयाचा समाजसेवा विभाग आणि योजनेच्या आरोग्यमित्राला स्पष्ट विचारा: योजनेत काय येते, काय नाही? घरी गेल्यावरची औषधे कोण देणार, किती महिने? पातळीच्या तपासणीचा खर्च कोणाचा? ही औषधे आयुष्यभराची आहेत. त्यांचा महिन्याचा हिशोब आधी मांडा.

• शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करा. दोन ठिकाणच्या क्रिएटिनिनमध्ये थोडा फरक पडतो आणि विनाकारण घबराट होते.

• टॅक्रोलिमसची पातळी तपासताना सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्या, म्हणजे आदल्या रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी. गोळी घेऊन रक्त दिले तर पातळी खोटी जास्त येते आणि त्यावरून डोस कमी केला तर नकाराचा धोका वाढतो. गोळी डब्यात सोबत न्या आणि रक्त दिल्यावर घ्या.

• एक वही ठेवा. तारीख, वजन, रक्तदाब, दिवसभराची लघवी, क्रिएटिनिन, टॅक्रोलिमस पातळी, त्या दिवशीचे डोस. पाच वर्षांची वही कोणत्याही नव्या डॉक्टरला दहा मिनिटांत सगळे सांगते.

कोकणातले खाणे, पाणी आणि पावसाळा

डायलिसिसवर असताना दिवसाला लिटरभर पाण्यात भागवायची सवय लागलेली असते. प्रत्यारोपणानंतर बहुतेकांना अडीच-तीन लिटर प्यायला सांगतात आणि ते जड जाते. एप्रिल-मे महिन्यात घाम जाऊन पाणी कमी पडले की क्रिएटिनिन लगेच चढते. जुलाब झाले तर दुहेरी त्रास होतो. पाणी कमी होते आणि टॅक्रोलिमसची पातळीही वाढते. दिवसभर जुलाब किंवा उलट्या चालल्या तर घरगुती उपायांवर थांबू नका.

मासे खा. ताजे, नीट शिजवलेले बांगडे, सौंदाळे, पेडवे चालतात. कालवं, तिसऱ्या, खुबे अर्धेकच्चे नकोत, कारण औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते. सुके बांगडे, सुकी सुंगटां, खारवलेल्या कैऱ्या आणि लोणची यांतले मीठ रक्तदाब वाढवते. ती चवीपुरती, कधीतरीच. विहिरीचे पाणी उकळून प्या.

दोन फळांबद्दल विशेष सावध राहा. गणपतीच्या माटवीला बांधलेले पपनस किंवा तोरिंजन प्रसाद म्हणूनही खाऊ नका. त्यातील घटक यकृतात टॅक्रोलिमसचे विघटन रोखतात आणि औषधाची पातळी धोकादायक वाढू शकते. दुसरे करमर, म्हणजे आडवे कापल्यावर चांदणीसारखे दिसणारे पाच धारांचे आंबट फळ. त्यात मेंदूवर परिणाम करणारा पदार्थ असतो. निरोगी किडनी तो बाहेर टाकते, पण किडनी निकामी असलेल्यांना एखाद्या फळानेही न थांबणारी उचकी, गोंधळलेपण आणि झटके येऊ शकतात. डायलिसिसवर असताना ते पूर्ण वर्ज्य आहे. प्रत्यारोपणानंतरही ते टाळा.

पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका कोकणात दरवर्षी असतो. हा जंतू उंदीर आणि गुरांच्या लघवीतून चिखलात येतो आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो. तो थेट किडनीवर हल्ला करतो. प्रत्यारोपण झालेल्या माणसाने लावणीच्या चिखलात उतरू नये. शेत सोडवत नाही हे समजते, पण त्या वर्षी शेजाऱ्यांना हाक मारा.

गावात ताप आला आणि जवळच्या डॉक्टरांकडे गेलात, तर पहिले वाक्य हे असू द्या: "माझे किडनी प्रत्यारोपण झाले आहे, मी या गोळ्या घेतो." अंगदुखीच्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीला इजा करतात. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोलमुळे टॅक्रोलिमस वाढते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनमुळे ते इतके खाली येते की किडनी नाकारली जाऊ शकते. यांपैकी काही देणे आवश्यक असेल, तर प्रत्यारोपण केंद्राशी बोलून डोस बदलावा लागतो. झाडपाल्याची औषधे आणि भस्मे घेऊ नका.

दात्याच्या रिपोर्टकडे कोण बघतो?

भारतात २०२३ मध्ये १३ हजारांहून अधिक किडनी प्रत्यारोपणे झाली आणि त्यातील बहुसंख्य किडन्या जिवंत दात्यांच्या होत्या. जिवंत दात्यांमध्ये स्त्रिया जास्त आणि किडनी मिळणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त, हे देशातले चित्र आहे. आपल्याकडेही आई, बायको, बहीण पुढे येते. रुग्णाची वही भरते आणि तिची तपासणी राहून जाते.

एक किडनी दिल्यावर उरलेली किडनी थोडी मोठी होते आणि जास्त काम करते. काही महिन्यांत एकूण क्षमता पूर्वीच्या साधारण ६५ ते ७० टक्क्यांवर येते. म्हणजे जिचे क्रिएटिनिन ०.७ होते तिचे १.० होऊ शकते. हे अपेक्षित आहे आणि बहुतेक दात्या निरोगी आयुष्य जगतात. मात्र तिने दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन, साखर आणि लघवीतील प्रथिन तपासायलाच हवे. वेदनाशामक गोळ्यांचे बंधन तिलाही आहे. रुग्णाच्या तपासणीची तारीख ठरवाल तेव्हा वर्षातून एकदा तिची तारीखही त्याच दिवशी ठरवा.

कुटुंबात जुळणारा दाता नसेल तर मृत दात्याच्या यादीत नाव नोंदवा. त्यासाठी कोणत्या केंद्रात नोंदणी सोयीची, हे ठरवताना फक्त यादीची लांबी पाहू नका. किडनी उपलब्ध झाल्याचा फोन रात्री दोन वाजता आला तर काही तासांत तिथे पोहोचता येईल का आणि पुढची वीस वर्षे तपासणीला जाणे जमेल का, हेही पाहा. सावंतवाडीकराला गोवा किंवा बेळगाव आणि कणकवलीकराला कोल्हापूर किंवा मुंबई, असा प्रत्येकाचा हिशोब वेगळा असेल.

लगेच संपर्क कधी साधावा?

• लघवी अचानक कमी झाली, किंवा लाल झाली
• एका दिवसात वजन एक किलोहून अधिक वाढले, पाय किंवा चेहरा सुजला
• १००.४ फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप
• नव्या किडनीच्या जागी दुखणे किंवा कडकपणा
• उलट्या-जुलाबामुळे गोळ्या पोटात टिकत नाहीत
• क्रिएटिनिन तुमच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा २० ते २५ टक्क्यांनी वाढले
• कोणत्याही कारणाने गोळ्या संपल्या किंवा चुकल्या

शेवटचा मुद्दा पैशांशी जोडलेला असतो आणि म्हणूनच लोक तो सांगायला लाजतात. महिनाअखेरीस गोळ्या पुरवण्यासाठी दोनऐवजी एक घेणे, "आता बरं आहे" म्हणून बंद करणे, यामुळे चांगल्या चाललेल्या किडन्या गेल्या आहेत. परवडत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगा. स्वस्त पर्याय, योजना, धर्मादाय मदत यांपैकी काहीतरी मार्ग काढता येतो. नाकारली गेलेली किडनी मात्र बहुधा परत मिळत नाही.

पुढच्या तपासणीला जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या आणि डॉक्टरांना एवढे विचारा: माझा स्थिर क्रिएटिनिन किती धरायचा? लघवीत प्रथिन आहे का? टॅक्रोलिमसची पातळी किती हवी आणि किती आहे? ही तीन उत्तरे वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि घरातल्या आणखी एका माणसाला ती वही वाचायला शिकवा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधांचे डोस आणि आहार यांत बदल करण्याआधी तुमच्या किडनीतज्ज्ञांचा सल्ला घ्या.)